तबकडीमागचा माणूस : जी. एन. जोशी आणि कृष्णाकाठचे सूर

जी. एन. जोशी (१९०९–१९९४) यांची ओळख मराठी भावगीताचे आद्य गायक अशी करून दिली जाते. ती खरी असली तरी अर्धीच आहे. त्यांच्या उमेदीची बहुतेक वर्षे स्वतः गाण्यापेक्षा दुसऱ्यांकडून गाऊन घेण्यात गेली. १९३८ साली ते मुंबईत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणजे एचएमव्ही या कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून रुजू झाले आणि पुढची तीन दशके मराठी व हिंदुस्थानी संगीतातली कितीतरी मोठी नावे त्यांच्या देखरेखीखाली तबकडीवर आली. गवई निवडायचा, त्याला राजी करायचे, काय गायचे आणि कुठे थांबायचे हे त्याच्याशी बसून ठरवायचे, साथीदार जमवायचे, ठरल्या वेळी सगळ्यांना स्टुडिओत हजर करायचे आणि गाणे झाल्यावर ‘हे ठेवू, ते पुन्हा घेऊ’ असा निकाल द्यायचा, असे हे काम. आज त्याला रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणतात. तबकडीच्या लेबलवर गायकाचे नाव असे, कवीचे असे, रागाचेही असे. या माणसाचे बहुधा नसेच.

जोशी विदर्भातले, नोकरी मुंबईतली. तरीही त्यांच्या कारकिर्दीचा हिशोब सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांना वगळून मांडता येत नाही. या पट्ट्यात गवई होते, नट होते, कवी आणि शाहीर होते, तंबोरे घडवणारे कारागीर होते आणि गाण्यावर जीव टाकणारे श्रोतेही होते. नव्हता तो फक्त ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. इथल्या आवाजाला तबकडीवर जायचे तर मुंबईची वाट धरावी लागे, आणि त्या वाटेच्या टोकाला कंपनीचा जो माणूस बसलेला असे त्याच्या कानावर पुढचे सारे अवलंबून असे.

एवढी शिदोरी या भागात कशी साठली, हे आधी पाहायला हवे. संस्थानी राजवटीचा त्यात मोठा वाटा आहे. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, औंध पंतप्रतिनिधींचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले ते सांगलीच्या दरबारच्या आश्रयाने. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आणून रुजवली. त्यांच्याकडेच विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले आणि १८९६ मध्ये मिरज सोडून उत्तरेकडे निघाले. बाळकृष्णबुवांचेच दुसरे शिष्य अंतुबुवा जोशी पुढे औंधला स्थिरावले. आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९४० मध्ये सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव आजही भरतो. मिरजेची तंतुवाद्ये तर देशभर गेली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी घराणी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्यांकडे वळली. पंढरपूर-सोलापूरकडचा भोपळा वाळवून कापायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची आणि शेवटी घोडी घासून जवारी काढायची. ही जवारी नीट निघाली तरच तार छेडल्यावर सूर भरून येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या तबकड्यांत गायकाच्या मागे जो अखंड झणकार ऐकू येतो, त्यातला बराचसा मिरजेत घडलेल्या वाद्यांचा आहे.

याच मिरजेत किराण्याहून निघालेले अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. खाँसाहेब नुसते गवई नव्हते, वीणा वाजवत आणि वाद्यांची दुरुस्तीही जाणत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडायला घेतले तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. देवलांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. साताऱ्यात जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स हे त्यांचे साथीदार. त्यांचे भारतीय संगीतावरचे पुस्तक १९१३ चे. एक महसूल अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि एक गवई असे तिघे मिळून सूर मोजत आहेत, हे दृश्य त्या काळच्या सातारा-सांगलीतच शक्य होते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद पुष्कळ झाले. पण सूर ही कान लावून तपासायची, पुन्हा पुन्हा पडताळायची गोष्ट आहे, हा विचार इथे ध्वनिमुद्रणाचा धंदा नीट बसण्याआधीच पोहोचला होता.

हा धंदा १९०२ चा. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला होता, आणि तिथे गायिका गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खच्चून गायचे, त्या आवाजाने पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या चकतीवर नागमोडी रेघ कोरायची. ही चकती जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे तबकड्या छापून त्या बोटीने परत यायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाल्यावर ही लांबची फेरी संपली. त्या वेळच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव मोठ्याने सांगून मोकळा होतो. अनेकांना ती हौस वाटते, पण कारण व्यवहारातले होते. हॅनोव्हरच्या कारागिराला लेबल कोणाचे चिकटवायचे ते त्याशिवाय कळत नसे.

१९०५ हे वर्ष मिरजेच्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. अब्दुल करीम खाँच्या पहिल्या तबकड्या त्याच सुमाराच्या. त्याच वर्षी पलूसजवळच्या नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत मिरजेला शकुंतला म्हणून प्रथम रंगभूमीवर आले. आणि त्याच वर्षी मिरजेत खाँसाहेबांची मुलगी चंपाकली जन्मली. जग तिला हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखते.

पहिली पंचवीस-तीस वर्षे मराठी तबकडी म्हणजे मुख्यतः नाट्यपद. नाटक कंपन्यांनी पदे गावोगाव पोहोचवलेली असत, कंपनीला आयते गिऱ्हाईक मिळे. त्याखेरीज अभंग, लावण्या आणि ख्याल-ठुमऱ्या. कवीने छापलेली कविता चाल लावून तबकडीवर गायची, ही कल्पना तेव्हा नव्हती. तिला जमीन मात्र तयार होत होती. १९२० नंतर रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची टूम आणली. चाफळचे यशवंत आणि साताऱ्याचे गिरीश, दोघेही सातारा जिल्ह्यातले, शाळा-कॉलेजांतून आपल्या कविता गाऊन दाखवत. साथीला वाद्य नसे, चालही साधी असे. पण कविता कानाने ऐकायची सवय मध्यमवर्गाला त्यांनी लावली.

या सवयीचे तबकडीत रूपांतर केले जी. एन. जोशी यांनी. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण गाण्याच्या नादाने मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता स्वतः चाल लावून नागपूरकडच्या बैठकांत गात असे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीने ती ध्वनिमुद्रित केली आणि तबकडी तडाखेबंद खपली. मराठी भावगीताचा आरंभ तिच्यापासून धरण्याचा रिवाज आहे. गंगूबाई हनगल यांच्याबरोबर जोशींनी गायलेली द्वंद्वगीतेही त्याच दशकातली. भावगीताची गोष्ट सांगताना कवीची हळवी वृत्ती वगैरे पुष्कळ बोलले जाते. खरे पाहता भावगीत हे तबकडीचेच अपत्य आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावतात. नाट्यपद त्यात कोंबावे लागे, ख्याल तर छाटावाच लागे. ध्रुवपद आणि तीन कडव्यांची कविता मात्र त्यात बेतून शिवल्यासारखी बसत असे.

कंपनीने पुढे या गायकालाच नोकरीवर घेतले, हे हुशारीचे होते. जोशी माइकच्या दोन्ही बाजूंना राहिलेले होते. लाल दिवा लागल्यावर घशाला कोरड कशी पडते हे त्यांना ठाऊक होते आणि कायदा शिकलेले असल्याने करारमदारातही ते कच्चे नव्हते.

त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे चाले, ते पाहिले की या नोकरीतली मेख कळते. १९३८ पर्यंत कर्णा जाऊन मायक्रोफोन आला होता, पण गाणे अजून मेणावरच कोरले जाई. ध्वनिफीत यायला बराच अवकाश होता. मेणावर खोडाखोड नाही. अडीच मिनिटे सुरेख गाऊन झाल्यावर तबलजीची एखादी मात्रा हुकली तर ती चकती बाद, नवी लावायची आणि पहिल्यापासून गायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला गळा थकतो आणि मनही उडते. म्हणून खरे काम आधीच, गवयाच्या घरी बसून उरकावे लागे. मैफलीत रागाची ओळख करून द्यायलाच गवई वीस मिनिटे घेतो. इथे बंदिशीचा मुखडा, अस्थाई, अंतरा, मोजके आलाप, चार ताना आणि समेवर येऊन शेवट, एवढे सारे घड्याळ लावून आखायचे. ‘हा आलाप दोनच आवर्तने, खाँसाहेब’ असे सांगायला धाडस लागते आणि समोरच्याला ते पटावे एवढे गाणेही सांगणाऱ्याला यावे लागते. स्टुडिओत एक माइक आणि त्याच्याभोवती सारी मंडळी. गायक जवळ, सारंगी थोडी मागे, तबला आणखी दूर, तंबोरा बाजूला. कोणाला किती अंतरावर बसवायचे यावरच आवाजांचा तोल ठरे. नंतर कमी-जास्त करायची सोय नव्हती. तीस सेकंद उरली की खूण करायची. वरच्या सुरात गळा मोकळा सोडणाऱ्या गायकाला तेवढ्यापुरते मागे सरकायला शिकवायचे, नाहीतर सुई उडायची. हे सगळे जुळून आले की चकती कलकत्त्याच्या कारखान्यात जायची. तिथे तिच्यावर तांब्याचा थर चढवून साचा बनवत आणि लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या गरम लगद्यावर तो दाबून तबकड्या काढत. नमुन्याची तबकडी हाती येईपर्यंत गायक आपण काय गायलो तेही विसरलेला असे.

जोशी कंपनीत आले त्याच्या एकच वर्ष आधी, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, अब्दुल करीम खाँ पाँडिचेरीच्या वाटेवर मद्रासजवळच्या सिंगापेरुमाळ कोइल स्टेशनात वारले. त्यांचा देह मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी गवई आजही गायला बसतात. शेवटच्या काही वर्षांत ओडियन कंपनीसाठी त्यांनी गायलेल्या झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या, शिवाय नाट्यपदे, ही तीन मिनिटांच्या कलेची शिखरे मानावी लागतील. त्यांत घाई कुठेच नाही. एकेक सूर सावकाश पसरतो आणि तरीही गाणे वेळेत संपते. त्या पिढीचे बाकी गवई तबकडीत ताना भरून आपली तयारी दाखवत होते. खाँसाहेबांनी वेळ कमी आहे म्हणून सूरच कमी घेतले, आणि जे घेतले ते पूर्ण घेतले.

जोशींच्या वाट्याला खाँसाहेब आले नाहीत, त्यांची मुले आली. हिराबाईंचा आवाज माइकसाठीच घडला असावा असा गोड, नाजूक आणि सुरेल. कर्ण्यात खच्चून गाण्याचे दिवस टिकले असते तर तो कदाचित तबकडीवर फिका वाटला असता. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. एचएमव्हीने त्यांच्याकडून ख्याल, ठुमरी, नाट्यपद आणि भावगीत असे सगळे गाऊन घेतले; ख्याल गाणाऱ्या बाईने भावगीत म्हटले की ते आपोआप घरंदाज ठरे, हेही कंपनीच्या लक्षात आलेले असणार. धाकटी बहीण सरस्वती राणे १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटातल्या गाण्याने देशभर पोहोचल्या. दोघी बहिणींची जुगलबंदी हा पुढे मैफलींचाच एक प्रकार होऊन बसला. थोरले भाऊ सुरेशबाबू माने मात्र तबकड्यांत फारसे सापडत नाहीत. जाणकार त्यांना भावंडांत सर्वांत विचारी गवई मानतात आणि प्रभा अत्रे यांच्यासारखी शिष्या त्यांनी घडवली. पण १९५३ मध्ये ते गेले तेव्हा लांब गाणे सामावणारी तबकडी इथे आलेली नव्हती. शांत, हळूहळू उलगडत जाणारी गायकी तीन मिनिटांना मानवत नाही. कोणते गाणे मागे उरले आणि कोणते विरून गेले यात गुणवत्तेइतकाच हात यंत्राचाही असतो.

बालगंधर्वांची अडचण उलटी होती. रंगभूमीवर त्यांच्या एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडत आणि पद अर्धा-अर्धा तास चाले. कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँ यांचा तबला ही साथ. तेच पद तबकडीत तीन मिनिटांत आटपायचे. तरी ज्यांनी त्यांना रंगमंचावर कधी पाहिले नाही अशा दोन पिढ्यांना त्यांचे गाणे कळले ते या आटोपशीर रूपातूनच. घराघरांत मुले तबकडीवरून त्यांच्या हरकती उचलत, आणि शिकवणारा गुरू नसलेल्या गावात फोनो हाच गुरू होई.

गवयांची बाजू अशी, तर कवींची सांगलीने आणखी भरीव सांभाळली. भावगीताला गिऱ्हाईक मिळताच कंपनीला सतत नवी गाणी हवी झाली आणि ती लिहिणारे तीन मोठे कवी याच जिल्ह्यातले निघाले. वाळवा तालुक्यातल्या येडेनिपाणीचे पी. सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लता-आशा या बहिणी, हा संच १९५० च्या दशकात मराठी तबकडीच्या बाजाराचा राजा होता. सासरी निघालेली मुलगी, माहेरची आठवण, आईबाप हे सावळारामांचे विषय; तबकडी विकत घेणारे घर आणि त्यातली बाई यांना ते थेट भिडत. त्या गाणाऱ्या बहिणींचेही सांगलीशी नाते होते. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ यांच्या बलवंत संगीत मंडळीचा मुक्काम तिथे होता, आणि आशा भोसले यांचा १९३३ चा जन्म सांगलीचाच.

शेटफळ्याला १९१९ मध्ये जन्मलेले ग. दि. माडगूळकर दुसरे. त्यांचे ‘गीतरामायण’ मुळात तबकडीसाठी झालेच नाही. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते प्रसारित झाली आणि रेडिओवर सव्वातीन मिनिटांचा जाच नसल्याने माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी कडव्यांना हात आखडला नाही. हे सगळे तबकड्यांत उतरवणे जमले ते लाँगप्ले आल्यानंतरच. तिसरे कवी औदुंबरचे सुधांशु. त्यांची दत्तभक्तीची गीते कोल्हापूरच्या आर. एन. पराडकरांच्या आवाजात तबकडीवर आली आणि औदुंबर, नृसिंहवाडी अशा दत्तस्थानांच्या जत्रांत कर्ण्यांवरून वाजू लागली. कृष्णाकाठच्या कवीने लिहिलेले गाणे मुंबईत मुद्रित होऊन कलकत्त्यात छापले जाई आणि पुन्हा कृष्णाकाठीच खपे.

साताऱ्याकडून तबकडीला मिळाला तो लोकसंगीताचा बाज. वाई तालुक्यातल्या पसरणीचे कृष्णराव साबळे, म्हणजेच शाहीर साबळे (१९२३–२०१५), स्वातंत्र्य चळवळीतून शाहिरीत आले. पोवाडा, भारूड, गोंधळ, लोकगीत असे सारे एचएमव्हीने त्यांच्याकडून गाऊन घेतले. राजा बढे यांनी लिहिलेले आणि श्रीनिवास खळे यांनी चाल लावलेले महाराष्ट्रगीत त्यांच्याच आवाजात घरोघरी गेले. २०२३ मध्ये ते राज्यगीत झाले. शाहिरी ही खुल्या मैदानातली कला. ती बंद स्टुडिओत नेताना डफाची थाप आणि झीलकऱ्यांचा जोश उतरू न देणे हे मोठे कौशल्य आहे, आणि त्या तबकड्या ऐकल्या तर ते साधलेले जाणवते. लावणीच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. वाईच्याच यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) बैठकीची लावणी सादर करत तेव्हा एकाच ओळीवर दहा तऱ्हांनी अदा होई. सुई आवाज टिपते, अदा टिपत नाही. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

खेड्यापाड्यांत या तबकड्या विकत घेणारे फार नव्हते. चावीचा फोनो पाटील-देशमुखांच्या वाड्यात किंवा एखाद्या शिक्षकाच्या घरी. दर तबकडीला नवी सुई लावावी लागे, नाहीतर खाचा झिजत. युद्धानंतर लाउडस्पीकरवाले आले आणि चित्र पालटले. लग्नाच्या मांडवात, ग्रामदैवताच्या जत्रेत, गणपतीत, बॅटरी आणि कर्णे घेऊन हा माणूस हजर होई. त्याच्या पेटीतल्या वीस-पंचवीस तबकड्या म्हणजे साऱ्या गावाचे वर्षभराचे संगीत. कंपनीच्या खपाच्या कागदावर तिथे एकच तबकडी विकलेली दिसे, ऐकणारे कान मात्र हजार असत. मुंबईत बसून मराठी गाणी निवडणाऱ्याला हे कान न विसरणे भाग होते. भक्तिगीते आणि लोकगीते सातत्याने निघत राहिली, त्यामागे हे गणित होते.

१९६० च्या आसपास लाँगप्ले तबकडी आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. शास्त्रीय गवयांसाठी ही क्रांतीच होती. अमीर खाँ यांचा मारवा आणि दरबारी एचएमव्हीने १९६० मध्ये काढला, तेव्हा विलंबित ख्याल प्रथमच घरी बसून निवांत ऐकता आला. ध्वनिफितीमुळे चूक झालेला तुकडा पुन्हा घेणेही शक्य झाले. वीस वर्षे गवयांना ‘थोडक्यात’ म्हणणाऱ्या जोशींना आता ‘सावकाश गा’ म्हणता येऊ लागले.

त्यांच्या नावावरची सर्वांत प्रसिद्ध तबकडी या काळातली, १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार; तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूर आणि गिटार या दोन्ही वाद्यांना तेव्हा शास्त्रीय मैफलीत पूर्ण मान नव्हता आणि तिघे वादक तरुण होते. त्यांना एकामागून एक राग वाजवायला न सांगता काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका धनगराचा दिवस वाजवायचा, असे ठरले. पहाटेचा अहिर भैरव, त्यानंतर नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागसमयाचे शास्त्र जुनेच, त्याची गुंफण कथेसारखी. शास्त्रीय संगीताचा गंध नसलेल्या माणसालाही कुठून सुरू करायचे आणि पुढे काय येणार हे समजत होते. तबकडी देशात गाजली, परदेशातही गाजली आणि अजून खपते. प्रोड्यूसर नावाचा माणूस नेमका काय करतो हे समजून घ्यायचे तर हिच्याइतके चांगले उदाहरण नाही. तिच्यात जोशी एक सूरही वाजवत नाहीत. वादकांची निवड, एका दिवसाची चौकट आणि कोणी किती वाजवायचे याचा तोल, हे त्यांचे.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना असे प्रयोग रुचत नसत, आणि त्यांचा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. चित्रदर्शी संगीताची पुढे जी लाट आली तिच्यात नुसती सजावट असलेल्या तबकड्याच जास्त निघाल्या. मूळ तबकडीत मात्र राग कुठेही पातळ केलेला नाही.

निवृत्तीनंतर जोशींनी आपल्या आठवणी लिहिल्या. मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’, आणि १९८४ मध्ये इंग्रजीत ‘डाउन मेलडी लेन’. त्यांत कलावंतांचे स्वभाव, रुसवे, हट्ट आणि स्टुडिओतल्या फजित्या आहेत. विसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी गवयांची माणूस म्हणून ओळख करून देणारी अशी पुस्तके मोजकीच आहेत. ती लिहिताना तबकडीचे युग त्यांच्या डोळ्यांदेखत सरत होते. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, लहान-मोठ्या कंपन्या निघाल्या आणि एका कंपनीच्या एका अधिकाऱ्याने आवाज निवडायचे दिवस संपले. तमाशा, भारूड, गावोगावची भजनी मंडळे, जे कधी मुंबईच्या स्टुडिओपर्यंत पोहोचले नव्हते ते कॅसेटवर आले. निवड सैल झाली तसा मालाचा दर्जाही सैल झाला. जोशी १९९४ मध्ये गेले. एचएमव्हीची मालकी तोवर बदलली होती आणि २००० मध्ये कंपनीचे नाव सारेगामा झाले. हिराबाईंची, बालगंधर्वांची, शाहीर साबळ्यांची मुद्रणे तिच्याच संग्रहात आहेत.